तिसऱ्या गाण्यातली डुलकी

आमचा रॉक बँड अकरा महिने चालला. त्या काळच्या जबलपुरात म्हणजे बराच टिकला. गिटार आणि गाणं माझ्याकडे, ड्रम माझ्या जिवलग मित्राकडे. एकच अल्बम निघाला, तोही कॅसेटवर. सराफ्यात दागिन्यांच्या दुकानावर एक खोली होती, तिथे तो रेकॉर्ड केला. बाजार बंद असेल त्याच दिवशी जमायचं, कारण एरवी खालून सोनारांची ठोकठोक गाण्यात घुसायची.

तिसऱ्या गाण्यात ड्रम मागे पडतात. कॅसेटवर सगळ्या आवाजांची खिचडी झाली होती, तरी एवढं कळायचं. त्यावर मी किस्सा रचला: आमच्या ड्रमरला तिसऱ्या गाण्यात डुलकी लागली. तीस वर्षं लग्नांत, बारशांत, अगदी त्याच्या स्वतःच्या हळदीतही मी तो मान टाकून, घोरून सांगितला. लोक पोट धरून हसायचे. तोही हसायचा. ड्रम मात्र त्याने कॅसेट निघाल्यावर लगेच विकले आणि जवळच्या पनागरला घरची शेती बघायला गेला.

गेल्या हिवाळ्यात त्या खोलीच्या मालकाच्या मुलीला मूळ टेप सापडली. तिने लॉसलेस फाइल करून मला पाठवली, म्हणजे टेपवर होतं ते सगळं, काहीही न गाळता. मदन महल भागातल्या माझ्या घरी सकाळच्या चहाबरोबर हेडफोन लावला आणि मी हरखून गेलो. आम्ही खरंच बरं वाजवायचो. तारांवरून सरकणारी बोटंसुद्धा ऐकू येत होती.

तिसऱ्या गाण्यात माझ्या बुटाची टाचही ऐकू आली. टाचेने ताल धरण्याची मला भारी ऐट होती. ती दुसऱ्या कडव्यात जी वेगात सुटली ती सुटलीच, आणि गिटार तिच्यामागे धावत गेली. ड्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत एका लयीत होते.

फोनवर सांगून मोकळं व्हायचा निर्लज्जपणा जमेना. स्कूटर काढली आणि पनागर गाठलं.

अंगणात तो आणि वहिनी मटार सोलत बसले होते.

"काहून आला बे, न सांगता?"

मी हेडफोन त्याच्या कानांवर चढवला. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "फिर से लगा." पुन्हा ऐकलं.

"ही टाच कोणाची?"

"माझी."

"म्हणजे मी बराबर वाजवून राहिलो होतो."

मला वाटलं होतं, त्याला ठाऊक असेल आणि दोस्तीखातर गप्प असेल. त्याला ठाऊक नव्हतं. माझा किस्सा खरा मानून त्याने ड्रम विकले होते. मला फार लाज वाटली. तसं मी सांगितलंही.

"लाज बाद में," तो म्हणाला. "उठ. हिच्यासमोर खरा किस्सा सांग. ॲक्टिंग करून."

मी अंगणभर टाच आपटत, धापा टाकत पळून दाखवलं. वहिनींच्या मांडीवरचे मटार सांडले. हसता हसता त्याने डोळे पुसले.

"पुढच्या इतवारी येतो. गिटार काढून ठेव, मी डबे वाजवीन. पण तू अनवाणी बसशील."

मी कबूल केलं.