हाडाजवळचं मीठ

दुकानातलं बेकन तव्यावर टाकलं की आधी पाणी सोडतं. पांढरा फेस येतो, काप आक्रसतो, आणि जे भाजायचं ते उकडून निघतं. एनिड बेडोजच्या घरी असं होत नाही. ती थंड तव्यावर काप ठेवते आणि मग खाली आच लावते. चरबी सावकाश वितळून काचेसारखी होते, कडेचं कातडं कुरकुरीत होऊन वर वळतं, आणि उरलेल्या चरबीत ती पावाची जाड फोड तळून घेते. काप पातळ कापायला ती तयार नसते. "पेपर वाचायचा असेल तर पेपर घ्या," म्हणते.

तिचं वय त्र्याऐंशी. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्याच्या पश्चिम टोकाला, जिथे मेंढरं वेल्सची हद्द कुणाला न विचारता ओलांडतात, तिथे बेडोज घराण्याची शेती आहे. शेत तिचा मोठा भाऊ मर्विन याच्याकडे होतं. ती गल्लीपलीकडच्या दोन खोल्यांत राहते. लग्न केलं नाही. पोस्टात काम केलं, निवृत्त झाली. दर नोव्हेंबरात शेजाऱ्याकडून अर्धं डुक्कर घेते, स्वतः खारवते, वाळवते, आणि स्वयंपाकघराच्या तुळईला मलमलीत गुंडाळून टांगते. हे काम तिने सुरू केलं ते बावन्नाव्या वर्षी. इतक्या उशिरा का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं : "त्याआधी वेळ नव्हता."

वेळ होता. कारण दुसरं होतं.

१९५८च्या नोव्हेंबरात एनिड सतरा वर्षांची होती. बेडोजांच्या घरी वर्षाला एक डुक्कर कापलं जाई, त्याच्या दोन अख्ख्या बाजू खारवल्या जात, आणि त्यावर घर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खाई. खारवण्याचं काम वडिलांचं. पर्सी बेडोज यांचा हात पंचक्रोशीत नावाजलेला होता. त्या वर्षी घोड्याने लाथ मारल्यामुळे त्यांचा खांदा निखळला होता आणि आईला खोकल्याने धरलं होतं. पर्सींनी मुलीला बोलावलं.

"करशील?"

"करीन."

"तुझी अडचण नाही ना?"

अडचण म्हणजे काय ते सगळ्या घरांत ठाऊक होतं. त्या दिवसांत बाईने खारवायच्या मांसाला हात लावायचा नाही. लावला तर मांस सडतं. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. एनिडची अडचण होती, आदल्या सकाळपासून. पण वडिलांनी पहिल्यांदाच तिला खारवण्याच्या खोलीत बोलावलं होतं. ती म्हणाली, "नाही."

दगडाच्या ओट्यावर दोन्ही बाजू मांडल्या होत्या. मीठ, तपकिरी साखर, मांस टिकवायला चिमूटभर सोरा. आधी कातड्याकडून चोळायचं, ओलसर घाम सुटेपर्यंत, मग मांसाकडून. तळहात सोलून निघतात. एनिडने दुपारपर्यंत ते केलं. एक काम तेवढं मर्विनचं होतं. मागच्या पायाच्या सांध्याशी, हाडालगत एक पोकळी असते. तिथे अंगठ्याने मीठ आणि सोरा ठासून भरावं लागतं. सगळं मांस बाहेरून खारतं, पण तिथे मीठ आपण होऊन पोचत नाही. त्याला जोर लागतो, म्हणून ते काम वीस वर्षांच्या मर्विनकडे दिलं होतं.

संध्याकाळी पर्सींनी मर्विनला विचारलं, "हाडं भरलीस?"

"भरली," मर्विन म्हणाला.

तीन आठवड्यांनी परीक्षा झाली. लांब सळई हाडाच्या कडेने आत खुपसायची, बाहेर काढायची आणि नाकाशी धरायची. पर्सींनी सळई हुंगली, दुसऱ्या बाजूत खुपसली, पुन्हा हुंगली. मग ती एनिडच्या नाकाखाली धरली. तो वास वर्णन करण्यासारखा नाही. आईने त्या नोव्हेंबरातलं धुणं आठवून नवऱ्याच्या कानात काही सांगितलं. पर्सी मुलीकडे वळले.

"खोटं बोललीस माझ्याशी?"

"हो."

"मग खा आता वर्षभर बटाटे."

दोन्ही बाजू कुंपणापलीकडे पुरल्या. गोष्ट खोऱ्यात फिरायला आठवडा लागला नाही. एनिडचं खालच्या शेतावरच्या क्लाइव्ह प्रीसशी ठरल्यात जमा होतं. प्रीसांची वीस डुकरं होती आणि त्यांचं बेकन बाजारात जायचं. क्लाइव्हच्या आईने चर्चबाहेर, चारचौघांत सांगितलं, "पोरगी गोड आहे हो. पण हात नासका आहे." क्लाइव्ह टोपी हातात घेऊन उभा राहिला. ईस्टरनंतर तो येईनासा झाला. पुढे कुणी आलं तेव्हा एनिडनेच दार फार उघडलं नाही.

पर्सी १९८१ साली वारले. शेवटपर्यंत त्यांनी स्वतः किंवा मर्विनने खारवलेलंच खाल्लं. १९९३ साली एनिडने पहिल्यांदा स्वतःची बाजू खारवली. तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. सळई काढून हुंगली तर गोडसर, स्वच्छ वास आला. तरी खात्री पटेना म्हणून तिने पोस्टमनला बोलावलं. त्याने हुंगलं आणि म्हणाला, "बाई, सळईच खाऊ का?"

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती : घरच्या कुणीतरी ते खावं आणि चांगलं झालं म्हणावं. घरचं माणूस एकच उरलं होतं. मर्विन बायको गेल्यापासून दर रविवारी सकाळी दहाला तिच्याकडे नाश्त्याला यायचा, आणि दर रविवारी तव्यावर बेकन असताना टोस्ट आणि मार्मालेड खायचा.

"एक काप टाकू?"

"मला चालत नाही ते."

"पोटाला?"

"चालत नाही म्हटलं ना. आणि चहा घाल जरा. हे मेंढ्या धुतलेलं पाणी आहे."

एकदा त्याच्याकडे दूध द्यायला गेली असताना एनिडला त्याच्या फ्रिजमध्ये दुकानातल्या बेकनचं पाकीट दिसलं. अर्थ तिने काढायचा तो काढला. बाबांची रीत मर्विन अजून पाळतोय. तिच्या हातचं तोही खाणार नाही. तरी ती दर रविवारी विचारत राहिली. हे तीस वर्षं चाललं.

गेल्या वर्षी जानेवारीत मर्विनला छातीत दुखू लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. दहा दिवसांनी घरी आला. पुढच्या रविवारी काठी टेकत आला, खुर्चीत बसला आणि ती विचारायच्या आत म्हणाला, "एक काप टाक."

"काय?"

"बहिरी झालीस? एक काप. आणि कातडं काढू नकोस, दात आहेत अजून."

एनिडने तुळईवरून बाजू उतरवली, मलमल सोडली आणि मधल्या भागातून, जिथे चरबी आणि मांस निम्मं निम्मं असतं तिथून, दोन काप काढले. तवा थंड होता. आच लावून ती तव्याकडे तोंड करून उभी राहिली. काप ताटात पडल्यावर मर्विनने सुरी-काट्याने लहान तुकडा कापला, बराच वेळ चावला. मग दुसरा. मग कातडं हातात धरून दातांनी तोडलं. चरबीत पाव फिरवून ताट पुसून घेतलं.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. "बाबांपेक्षा चांगलं. त्यांचं खारट असायचं."

एनिड तव्याकडेच पाहत होती. "आहेत अजून काप. टाकू?"

"बस इथे."

"टाकते की."

"एनिड, बस." ती बसली. मर्विन ताटाकडे बघून बोलला. "त्या साली हाडं मी भरलीच नव्हती."

"नाइटन गावात एक मोटारसायकल बघायला जायचं होतं. चार वाजता तो माणूस जाणार होता. म्हटलं आल्यावर भरू. आल्यावर विसरलो. बाबांनी विचारलं तेव्हा आठवलं, पण तोंडातून भरली असंच निघालं. वाटलं, नाही होत काही."

"म्हणून खात नव्हतास."

"घशाखाली उतरलं नसतं."

एनिडने मेजावरचे पावाचे कण एका जागी गोळा केले. मग विचारलं, "बाबांना कधी सांगितलंस?"

"सांगावं लागलं नाही. पुरायच्या आधी त्यांनी सांधा उघडून पाहिला. आत मिठाचा कण नव्हता. मला गोठ्यामागे नेलं आणि दोन ठेवून दिल्या. म्हणाले, शेत तुला बघायचंय, लोक तुला बेजबाबदार म्हणाले तर सावकार दारात उभं करणार नाही. तिचं काय, ती लग्न होऊन जाणार."

घड्याळ साडेदहाच्या जवळ आलं होतं. बाहेरून ट्रॅक्टर गेला.

"पन्नाशी उलटेपर्यंत मी थांबले," एनिड म्हणाली. "पाळी पूर्ण जाईपर्यंत. डॉक्टरला विचारून घेतलं होतं, आता नक्की गेली ना. त्याला वाटलं मला मूल होण्याची भीती आहे."

"आणि क्लाइव्ह?" ती म्हणाली. मग स्वतःच, "जाऊ दे. तो टोपी घेऊन उभाच राहिला होता."

तिने ताट उचललं. ताट अगदी स्वच्छ होतं, तरी ती बराच वेळ घासत राहिली. मर्विन केव्हा उठून गेला ते तिने पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा दाराशी थांबला. एरवी सरळ आत यायचा. एनिडने आतूनच "ये" म्हटलं. तव्यावर एक काप होता. त्याच्यापुढे तिने टोस्ट आणि मार्मालेडची बरणी ठेवली.

"मला बेकन चालेल," तो म्हणाला.

"तुला चालत नाही ते," ती म्हणाली, आणि आपल्या कापाला सुरी लावली.

असे नऊ रविवार झाले. एनिड सांगते की दहाव्याला दोन काप टाकायचं तिने ठरवलं होतं. बुधवारी मर्विन गोठ्याच्या पायरीवर बसलेला सापडला, काठी मांडीवर आडवी. अंग गार होतं.

इकडे माणसाला पोचवून आल्यावर खारवलेलं मांस आणि चहा ठेवतात. शेतघराच्या मोठ्या मेजावर एनिडने आपली उरलेली अख्खी बाजू मांडली. जाड काप, तळलेला पाव, मोहरी. तीसेक माणसं होती. बोलणं हळूहळू थांबलं, नुसते खाण्याचे आवाज राहिले. तिच्या हातचं इतक्या लोकांनी एका वेळी कधी खाल्लं नव्हतं.

शेजारच्या शेतावरची डिलिस ताट घेऊन तिच्याजवळ आली. डिलिस लग्न होऊन या खोऱ्यात आली सदुसष्ट साली. मेजाभोवतीच्या माणसांत जुनी म्हणावी अशी तीच.

"एनिड, काय चव आहे गं! तुझ्या वडिलांच्या हाताबद्दल सासूकडून ऐकलं होतं. तोच हात. मर्विनने शिकवलं ना तुला?"

"नाही," एनिड म्हणाली. मग आवाज थोडा चढवून म्हणाली, "अठ्ठावन्न सालचं माझ्यामुळे नासलं नव्हतं, डिलिस."

डिलिसने कान पुढे केला. "काय नासलं होतं?"

एनिडने मेजाभोवती पाहिलं. प्रीसांकडचा आता कुणी नव्हता. चर्चबाहेर उभे असलेल्यांपैकी कुणीच नव्हतं. मर्विनची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यावर कुणीतरी कोट टाकला होता.

"काही नाही," ती म्हणाली, आणि डिलिसच्या ताटात एक काप वाढला. "गरम आहे तोवर खा."