पाच लाल वटवाघळं

राहीबाई नार्नूरजवळच्या एका गावात, बौद्धवाड्यात एकटीच राहायची. तरणेपणी ती निर्मलला रेणुकाबाई नावाच्या विधवेकडे कामाला होती. रेणुकाबाईंनी मरताना तिला एक जुनी चिनी फुलदाणी दिली. तांब्यावर निळा मिना, सोनेरी तारा आणि पाच लाल वटवाघळं. "चिनी बोलीत वटवाघूळ आणि सौख्य हे शब्द सारखेच ऐकू येतात," त्या म्हणाल्या होत्या. "पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. दीर्घायुष्य, धन, आरोग्य, सदाचार आणि शेवटी शांत मरण."

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावात गोवर आला. राहीबाई ज्यांच्या शेतात तण निंदायला जायची, त्या पांडुरंगरावांचा नातू दगावला. कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं, राहीच्या कोनाड्यात रक्ताची वटवाघळं आहेत, ती भानामती करते.

भर दुपारी ते चार माणसं घेऊन आले. तिला केसांना धरून अंगणात फरफटत आणलं.

"लेकरू काऊन खाल्लंस?"

"मालक, ते शुभ हाये! चिनी लोकं लग्नात देतात..."

"पाहा, कशी मंत्र म्हणून राह्यली!"

पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी बरगडीवर. फुलदाणी दगडावर आपटली तशी मिन्याचे निळे टवके उडाले. मग दोघांनी तिचे हात दाबले आणि त्या चौघांतल्या मारोतीनं पक्कड काढली. तोंडात दातच नसले की मंत्र फुटत नाही म्हणे. पहिला दात निघाला तेव्हा तिची किंकाळी वाड्याच्या टोकापर्यंत गेली. लोक दारं लावून बसले. दुसरा, तिसरा. रक्त घशात उतरून तिला ठसका लागला.

तेवढ्यात मेलेल्या पोराची आई, बयनाबाई, धावत आली आणि राहीबाईच्या अंगावर आडवी पडली. सासऱ्याची काठी बयनाबाईच्या उजव्या मनगटावर बसली. हाड कडकन मोडलं, पण ती उठली नाही.

"मारा आता! मले बी मारा!"

सुनेवर पुढची काठी उगारायला पांडुरंगरावांचा हात धजेना. माणसं पांगली.

पुढं खटला उभा राहिला, पण कोर्टात गावातल्या कुणीच साक्ष दिली नाही. बयनाबाई मात्र सासऱ्यासमोर उभी राहून बोलली, "माहं लेकरू गोवरानं मेलं, साहेब. मी निंदत असताना याच बाईनं त्याले शेताच्या धुऱ्यावर सांभाळलं."

पांडुरंगराव आणि मारोतीला शिक्षा झाली. त्याच संध्याकाळी नवऱ्यानं बयनाबाईचं गाठोडं रस्त्यावर फेकलं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. ती बौद्धवाड्यात राहीबाईकडे आली, पण उंबऱ्याशीच थबकली.

राहीबाईनं ताटात भाकर वाढली. पुढचे दात नसल्यानं शब्द नीट उमटत नव्हते.

"ये ना व माय. उभी काऊन?"

बयनाबाई आत आली. वाकडा जुळलेला उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं जेवू लागली.