खालून वर चढणारा ओघळ

"बाळ बाहेर न्या! आधी बाळ उचला!" मी ओरडलो. चहाची बशी हातात धरून कासमभाई माझ्याकडे बघतच राहिले. घर तपासायला आलेला साहेब असा ओरडतो होय?

मी तेव्हा लोकल बोर्डात इमारती तपासणारा ओव्हरसियर होतो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. नव्या इमारतीला सिमेंट मिळेना की लोखंड, म्हणून शाळेसाठी गावातली घरंच भाड्याने घ्यायची. तिसगावचे भुसार व्यापारी कासमभाई घराची पुढची खोली द्यायला तयार होते. चैत्रात मीच ती पाहिली. काठीने छपराची तुळई ठोकली, आवाज खणखणीत आला, 'फिट' लिहून मोकळा झालो. शाळा दिवाळीनंतर भरायची होती. भाद्रपदात आठवडाभर झड लागली आणि माळवद गळत असल्याचा निरोप आला, म्हणून मी पुन्हा तिथे गेलो. माळवद म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर टाकून केलेलं सपाट छप्पर.

"कुठं गळतंय?"

"ह्यो बगा की मातीचा वघळ," कासमभाईंनी त्याच खोलीची भिंत दाखवली.

त्यांच्या बायकोने, भाभींनी, पदर सावरला. "लेक बाळंतपनाला आलीय, म्हून मी दिसाआड सारवते. तरी मेला पुन्ना हायेच!"

मी ओघळ जवळून पाहिला. गळतीचं पाणी वरून खाली येतं. हा जमिनीतून निघून वर चढला होता आणि तुळई भिंतीत शिरते तिथे जाऊन थांबला होता. नखाने खरवडला, तर आत पोकळ आणि पांढरी वाळवी वळवळतेय. वाळवीला उजेड सोसत नाही. ती मातीची झाकलेली वाट बांधून त्यातूनच ये-जा करते, आणि ओल्या भिंतीत तर तिचं चांगलंच फावतं. भाभी बिचाऱ्या तीच वाट लिंपून झाकत होत्या.

मी स्टुलावर चढलो आणि तुळईच्या टोकात चाकू खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. त्याच तुळईला पाळणा टांगलेला, आणि पाळण्यात वीस दिवसांची नात. ओरडलो तो तेव्हा.

लेकीने बाळ उचललं, आम्ही सगळे अंगणात आलो. त्यांचा गडी टेकूसाठी वासा आणायला धावला. तो यायच्या आत घरात धाडकन आवाज झाला. दारातून पाहिलं, तर ओल्या मातीचा ढीग, त्यात तिरकी पडलेली तुळई. पाळणा दिसतच नव्हता.

मग भाभी हळूच म्हणाल्या, "सायेब, चैतात तुमीच म्हनला हुता ना, लाकूड पोलादावानी हाय? म्हून तर पाळना तिथं टांगला."

मी तुळई मधोमध ठोकली होती. भिंतीतलं टोक पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत शेकडो घरं तपासली, ती प्रत्येक तुळईचं भिंतीतलं टोक चाकूने टोचून. घर उन्हाळ्यात पाहिलं, तरी सही मात्र पावसाळ्यात, भिंतींनी ओल धरल्यावर, पुन्हा जाऊनच केली. लोक मला चेंगट म्हणायचे. म्हणू देत.