भूमध्य समुद्रात काढलेलं उट्टं

मोठ्या जावेचं उट्टं काढायचं हे मी ठरवलं तेव्हा माझी मुलगी एक महिन्याची होती, आणि ते काढलं तेव्हा ती दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. मधल्या काळात मी ते एक दिवसही विसरले नाही. एवढं मनात धरून ठेवू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

झालं होतं ते असं. आम्ही तेव्हा गिरगावात एकत्र राहत होतो. माझं माहेर लांब, आई आजारी, म्हणून बाळंतपण मुंबईतच झालं. बाराव्या दिवशी मुलीला घेऊन मी दवाखान्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीकडून घरी आले आणि त्याच आठवड्यात सासरे गेले. हृदयाचं दुखणं त्यांना आधीपासून होतं, डॉक्टरांनी महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. तरी तेराव्याच्या दिवशी, स्वयंपाकघरात दहा बायका बसलेल्या असताना, जाऊबाई वडे तळता तळता म्हणाल्या, "पोरगी उंबऱ्याच्या आत आली आणि बाबा बाहेर गेले. पायगुण म्हणतात तो हा." मी दाराच्या मागे, मुलगी छातीशी. एकही बाई काही बोलली नाही. मीही बोलले नाही, आणि तेच माझं चुकलं. तिथल्या तिथे कढई उलथली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वर्षाच्या आत आम्ही मीरा रोडला आलो, हाटकेशकडे. बिल्डिंगच्या मागे लहान लहान गाळे, दिवसभर पत्रा कापल्याचा आवाज. जाऊबाई वास्तूला आल्या आणि गॅलरीतून खाली बघत म्हणाल्या, "इथे माणसं राहतात की मशिनी?" मी हसले आणि पेढा दिला. मुलगी तेव्हा रांगत होती. तिला कडेवर घेऊन मी मनातली खूणगाठ आणखी घट्ट केली, थांब, तुला एक दिवस दाखवते.

दाखवायचं कसं, ते कळायला खूप वर्षं लागली. मी बँकेत, नवरा एका औषधांच्या कंपनीत. मुलीमागोमाग दोन वर्षांनी मुलगा झाला, शाळा, क्लास, पुढे काय त्याची चिंता. फिरायला म्हणून आम्ही चौकला, उत्तनजवळच्या कोळीवाड्यात जायचो. उत्तनच्या बसने जाऊन उतरायचं, होड्या बघायच्या, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घ्यायचा, परत. मुलांचा समुद्र म्हणजे तो. मग मुलीची दहावी आली आणि माझ्या डोक्यात बोट आली. युरोपची बोट. जाऊबाईंचा मुलगा अमेरिकेत होता, पण त्या स्वतः महाबळेश्वरच्या पुढे गेल्या नव्हत्या.

स्टेशनजवळच्या बोळात एक गुजराथी एजंट होता. त्याने टेबलावर माहितीपत्रक पसरलं. इटलीहून निघायचं, आठ दिवस, जवळजवळ रोज नवं बंदर, खाणंपिणं बोटीवर. "बहेनजी, बच्चों के लिए स्वीमिंग पूल, आपके लिए वेज खाना, सब है," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, माझ्यासाठी काय आहे ते तुला नाही कळायचं, भाई.

परदेशी जायचं तर घरातल्या मोठ्यांना सांगून यायचं, पाया पडायचं, अशी आमच्याकडे रीत. मोठे दीर दोन वर्षांपूर्वी गेले होते, म्हणजे मोठ्या आता जाऊबाईच. रीत म्हणून जातेय असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं तर मी तिचं तोंड बघायला गेले. माहितीपत्रक पर्समध्ये होतं. ते मी त्यांच्या मांडीवर उघडलं, एकेका बंदराचं नाव सावकाश वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट बघितलं. तोंड जसं पडायला हवं होतं तसं पडलं नाही. म्हणून मी जरा जास्तच गोड झाले. चप्पल घालताना म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर."

आता हे आपण सगळेच म्हणतो. जेवूनच जा, राहायलाच या, आमच्याबरोबर चला. त्यावर समोरच्याने "छे गं, तुम्ही जाऊन या, मजा करा" म्हणायचं असतं. जन्मभर आपण असंच करत आलो, कुणी कधी चुकलं नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "बरं. येते."

मला वाटलं थट्टा करतायत. त्या उठल्या आणि कपाटातून पासपोर्ट घेऊन आल्या. मुलाने काढायला लावला होता, तिकडे नेतो म्हणून. नेलं नव्हतं. "एकटी कुठे जाणार होते मी," त्या म्हणाल्या. मी चप्पल पुन्हा काढून ठेवली. घरी आल्यावर नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "अगं, बरंच झालं. एकटी पडलीये ती." एजंटलाही आनंदच झाला. मुलगी आणि जाऊबाई एका केबिनमध्ये, आम्ही तिघं दुसऱ्या, हिशोब बरोबर बसला. माझी आयुष्यभराची मोहीम, आणि शत्रू माझ्याच तिकिटांच्या पाकिटात.

विमानात बसता बसता मी विचार बदलला. म्हटलं, येऊ दे. घरी फोटो दाखवून जाळण्यापेक्षा आठ दिवस समोर बसवून जाळू.

बोट केवढी होती म्हणून सांगू, आमच्या हाटकेशच्या चार बिल्डिंगा आडव्या टाकल्या तरी उरेल. पहिल्याच दिवशी सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून डेकवर उभं केलं, बोट बुडाली तर काय करायचं ते शिकवायला. जाऊबाईंनी पदरावरून जाकीट चढवलं आणि त्यात त्यांचा अंबाडा अडकला. मी बघितलं आणि मदत केली नाही. मुलगी धावली.

बाकी उट्टंही मी मन लावून काढत होते. डेकवर वारा झोंबतो हे मला एजंटने सांगितलं होतं, मी त्यांना सांगितलं नाही. जेवायच्या यादीतलं इंग्रजी त्यांना लागत नाही हे माहीत असून मी माझं माझं मागवायची आणि यादी मिटायची. नेपल्सला उतरलो तेव्हा तीन सहली होत्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणूनच मी पॉम्पेईची निवडली. दगडी रस्ते, चढउतार, वर टळटळीत ऊन. नवऱ्याच्या लक्षात आलं. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मुलाला घेऊन पुढे गेला. त्याची सवयच ती, भांडण दिसलं की पुढे जायचं.

पहिल्या चढावर जाऊबाई बसल्या. मी म्हटलं, "बसा तुम्ही, आम्ही तासाभरात येतो." त्यांना उन्हात, अनोळखी लोकांत एकटीला सोडून जायचं सुख मी आधीच मनात चाखलं होतं. तर मुलगी म्हणाली, "मी थांबते काकूजवळ. मला पण नाही बघायचे दगड." तासाभराने येऊन बघते तर दोघी एका झाडाखाली लिंबाचा बर्फ खातायत आणि खिदळतायत. जाऊबाईंच्या पायांच्या नखांना निळं नेलपॉलिश. मुलीने लावलेलं.

त्यानंतर दोघींचं एक राज्यच झालं. सकाळी जाऊबाई तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालायच्या. मी घातलेली वेणी तिला सातवीपासून नको असायची. पोहायच्या तलावाच्या काठाला दोघी पाय सोडून बसायच्या. घरी माझ्याशी दोन शब्द बोलायला जिला जड जायचं, ती तासन्‌तास बडबडायची. पाचव्या दिवशी नाश्त्याला मला म्हणाली, "आई, काकू किती मस्त आहे. तू कधी सांगितलंच नाहीस." मी हातातला पाव बशीत परत ठेवला.

त्या दिवशी बोट कुठे थांबणार नव्हती, दिवसभर नुसतं पाणी. जाऊबाई दुपारच्या झोपेला गेल्या होत्या. नवरा आणि मुलगा कितव्यांदा तरी पिझ्झा आणायला गेले होते. मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीत लवंडली होती. म्हणाली, "आई, ह्या समुद्राला वासच नाही. आपल्या चौकला कसं कळतं तरी समुद्र आलाय." मी म्हटलं, "तुला एक सांगू?"

आणि सांगितलं. सगळं. वडे, बायका, दाराच्या मागची मी. शब्द न शब्द, एवढी वर्षं घोकलेला. पायगुण म्हणजे काय तेही नीट समजावलं, कारण तिला तो शब्द धड माहीत नव्हता. एखादी आत आली की घरात चांगलं किंवा वाईट घडतं, आणि तू आलीस तेव्हा आजोबा गेले, असं तुझी ही मस्त काकू म्हणाली.

ती खुर्चीत उठून बसली. मग म्हणाली, "मी बारा दिवसांची होते ना? मी चालत थोडीच आले? तूच आणलंस मला."

"तेच तर," मी म्हटलं. "बघ कशी बाई आहे."

त्या संध्याकाळी मुलगी सामान घेऊन आमच्या केबिनमध्ये आली आणि मुलाला तिने काकूकडे पाठवलं. जेवताना जाऊबाईंच्या बाजूची खुर्ची सोडून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या केबिनवरून गेले तर दार उघडं, आणि जाऊबाई पलंगाच्या कडेला कंगवा आणि तेलाची बाटली घेऊन बसलेल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय. मार्सेय आलं, बार्सिलोना आलं, आणि जाऊबाई दोन्हीकडे एकट्याच पाठीमागून चालत होत्या. मी मुलीच्या खांद्यावर हात टाकून पुढे. नवरा म्हणाला, "काय केलंस तू?" मी म्हटलं, "जे तुम्ही तेव्हा करायला हवं होतं ते."

उतरायच्या आदल्या दुपारी जाऊबाईंनी मला डेकवर गाठलं. "पोरीचं काय बिनसलं गं? माझं काही चुकलं का?" ह्या प्रश्नासाठी तर मी एवढी वर्षं काढली होती. मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, एका दमात, त्यांच्याच चालीत.

त्या म्हणाल्या, "मी? मी असं म्हणाले?"

त्या नाटक करत नव्हत्या. नाटक केलेलं मला चांगलं कळतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "म्हणाले असेन गं," मग त्या म्हणाल्या. "तेव्हा कोण काय बोलत होतं, कुणाला शुद्ध होती." आणि रेलिंगला धरून हळूहळू आत गेल्या. वाक्य फक्त मलाच पाठ होतं. मला त्याचाही संताप आला, की हिने माझं एवढं नुकसान केलं आणि लक्षातसुद्धा ठेवलं नाही.

घरी आलो. नवऱ्याने कुलूप काढलं तेव्हा मुलगी जिन्यात बॅगेवर बसून राहिली. "तुम्ही जा आधी," म्हणाली. मला वाटलं दमलीये. मग काशीगावकडे माझ्या ऑफिसातल्या बाईंच्या नव्या फ्लॅटची वास्तू होती. तिथेही बाहेर चपलांपाशी मोबाइल बघत उभी राहिली, सगळे आत गेल्यावर शेवटी आली. अकरावीतल्या पोरी असतात तऱ्हेवाईक, मी म्हटलं.

दिवाळीच्या जरा आधी जाऊबाईंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मुलगा अमेरिकेतून येणार होता, पण त्याला वेळ होता. जाऊबाईंनी नवऱ्याजवळ निरोप पाठवला, पोरीला एकदा बघायचंय. मी तिला सांगितलं आणि ती "नाही" म्हणाली. बरं वाटलं मला. म्हटलं, पोरगी माझ्यावर गेलीये, धरलेलं सोडत नाही. तरी लोकांसाठी म्हणून दुसऱ्या दिवशी निघताना मी पुन्हा विचारलं. "चल गं, एवढाही राग बरा नाही."

ती मला डबा भरून देत होती. पेज होती, झाकण दाबून लावत म्हणाली, "राग नाहीये आई. राग कधीच गेला. पण ऑपरेशन आहे त्यांचं. मी आत गेले आणि काही झालं तर?"

मी तिच्या हातातला डबा काढून घेतला. तिला म्हटलं, वेडी आहेस का, असं काही नसतं, मी बँकेत काम करणारी बाई, माझा ह्यावर विश्वास आहे का? तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "नसतं, माहितीये मला. पण तरी तू जा."

हॉस्पिटलमध्ये जाऊबाई उशीला टेकून दाराकडेच बघत होत्या. माझ्या मागे कुणी नाही हे दिसल्यावर त्यांनी डबा हातात घेतला आणि तसाच बाजूला ठेवला. पायांच्या नखांवर निळा रंग अजून कडेकडेला होता. "पोर नाही आली?" त्यांनी विचारलं. "अजून रागावलीये का गं माझ्यावर?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग पुढे त्यांनी विचारलं असतं, तिच्या डोक्यात हे घातलं कुणी.

मी म्हटलं, "हो."