शंकूला टोक असतं

आम्ही भवानी पेठेत राहायचो. आमचे हे मागावर कामाला होते. मी आणि मुलगी घरी चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो. मुलगी सातवीत होती. कांड्या भरता भरता ती भूमिती घोकायची, त्यामुळे चौथी शिकलेल्या मलाही ती पाठ झाली. सहा चौरसांचा तो घन. विटेसारखी ती इष्टिकाचिती. खाली-वर सारखे गोल असले की वृत्तचिती, त्रिकोण असले की त्रिकोणी चिती. चितीचं नाव तळावरून पडतं, हे मला फार आवडायचं.

एकदा बाईंनी प्रत्येक आकाराची वस्तू घरून आणायला सांगितली. घनाला फासा झाला, वृत्तचितीला डबा, गोलाला गोटी. शंकूसाठी मी सूत संपलेला निमुळता, पोकळ पुठ्ठा दिला. आमच्या आळीत सगळं सूत त्याच्यावरच गुंडाळून यायचं. शंकू म्हटलं की आम्हाला तोच दिसायचा.

बाईंनी तो वर्गापुढे धरला. शंकूला टोक असतं, याचं टोक कापलेलं आहे, हा शंकुछेद, असं सांगत त्यांनी मुलीच्या बोटांवर छडी मारली. मारतच राहिल्या.

संध्याकाळी तिची बोटं इतकी सुजली की तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना. कांड्या कमी भरलेल्या बघून हे भडकले. वेणी धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मी मधे गेले तर कोपऱ्यातला मागाचा लाकडी धोटा उचलून माझ्या तोंडावर मारला. त्याच्या टोकाला लोखंड असतं. गाल फाटला. भूमितीचं पुस्तक चुलीत गेलं.

"उद्या शाळेत जाऊन हिचं नाव काढून ये," म्हणाले. "तितं बोटं मोडून घेण्यापरीस हितं बसू दे की कांड्या भरत."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन शाळेत गेले. परक्या माणसाशी मी कधी धड बोलले नव्हते. बाईंनी काय काम म्हणून विचारलं. मी गालावरचा पदर काढला.

"नाव काढायला धाडलंय. मी काढत न्हाय. पर आता हिच्या हातावर मारू नका."

बाईंनी मुलीला आत घेतलं.

दुपारी पाळी सुटून हे घरी आले.

"काढलं?"

"न्हाय."

त्यांनी दाराला कडी लावली. शेजारचे माग चालू होते, त्या खडखडाटात माझा आवाज कुणाला ऐकू गेला नसेल. शाळा सुटायला अजून वेळ होता. मुलगी वर्गात बसली होती.