एकाच पातेल्यातला रस

आमच्या घरात दोन मंडळ्या, म्हणजे दोन वेगळ्या चर्चचे लोक, नांदत होत्या. बाबांची मंडळी लहान लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायची. आईच्या माहेरची मंडळी जाणत्या माणसाला हौदात पुरतं बुडवायची. पाणी तेच, नागपूरच्या नळाचं, उन्हाळ्यात एक दिवसाआड येणारं. पण ते किती लागतं, यावरून वर्षानुवर्षं वाद. बुडवलेल्यांच्या मते शिंपडलेले कोरडेच राहिले होते, आणि शिंपडलेल्यांच्या मते बुडवलेल्यांच्या डोक्यात पाणी गेलं होतं.

आई बुडवलेली. लग्न होऊन शिंपडलेल्यांत आली आणि पहिल्याच महिन्यात बाबांच्या चर्चमध्ये गुडघे टेकून प्रभुभोजन घेतलं तिनं, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. झालं! माहेरच्या मंडळीची चिठ्ठी आली, की आपलं नाव सभासदांतून कमी करण्यात आलं आहे. खाली चर्चच्या पाळकसाहेबांची सही. तरी आई महिन्यातून एकदा तिथे जायचीच. गायनं सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. मग भाकरीचं ताट फिरायचं आणि तिच्यापुढून सरळ पुढे निघून जायचं. पलीकडे पुरुषांच्या बाजूला तिचा सख्खा मोठा भाऊ, माझा मामा, घ्यायचा. आई हात मांडीवर ठेवून बसायची. मला त्या ताटाचा इतका संताप यायचा की काय सांगू.

आता खरी गंमत ऐका. त्या ताटामागून जो द्राक्षरस फिरायचा, तो आईनंच केलेला असायचा. लग्नाआधीपासून ते काम तिचं. लकडगंजच्या दुकानातून काळ्या मनुका आणायच्या, शुक्रवारी भिजत घालायच्या, शनिवारी उकळून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. लग्नानंतर बाबांच्या मंडळीनंही तेच काम तिच्या गळ्यात घातलं. मग एकच मोठं पातेलं आणि दोन बाटल्या. एक बाबा न्यायचे. दुसरी न्यायला मामा दर शनिवारी दुपारी शहराबाहेरच्या वाडीहून सायकल मारत यायचा. तिथल्या एका गोदामात तो कारकून होता. हे सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडातून कोणी काढत नव्हतं.

सत्तरच्या दशकात आमच्याकडे ऐक्याचं वारं सुटलं. दोन्ही मंडळ्यांनी मिळून एक संयुक्त उपासना करायची ठरली. आई हरखून गेली. "एक डाव दादासंगं बसून प्रभुभोजन घ्यायचं आहे मले," ती मला म्हणाली. "वीस वर्षं झाली वं. बाकी मले काही नको." तिनं पेटीतलं पांढरं लुगडंसुद्धा काढून ठेवलं.

बैठका आमच्या सीताबर्डीच्या दोन खोल्यांत व्हायच्या, कारण एकमेकांच्या चर्चमध्ये पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं आणि आमच्याकडे चहा बरा मिळायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. कपबशा भरता भरता सगळं ऐकायचे. पहिली बैठक आधी प्रार्थना कोणी करायची यात गेली. दुसरी पेल्यावर गेली. बाबांच्या मंडळीत सगळे एकाच चांदीच्या पेल्याला तोंड लावायचे, मामाच्या मंडळीत प्रत्येकाला बोटाएवढा वेगळा पेला.

"सगळ्यांची थुंकी एकात? रोगराई झाली तर?" मामा म्हणाला.

"प्रभूनं काय बारा पेले मांडले होते का?" बाबा म्हणाले.

साले-मेहुणे दोघंही आपापल्या मंडळीचे पंच. दोघंही स्वभावानं गरीब, पण बैठकीत बसले की अंगात यायचं त्यांच्या.

तिसऱ्या बैठकीत तोडगा निघाला. संयुक्त उपासनेत प्रभुभोजनच ठेवायचं नाही. गायनं, प्रार्थना, दोन्ही पाळकांचे दोन संदेश, नंतर चहा आणि चिवडा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो खाली ठेवला. "वीस वर्षं मी दोन्ही मंडळ्यायचा रस एकाच पातेल्यात उकळून राहिली," ती म्हणाली. "मले सांगा, त्या पातेल्यात कुठवर तुमचा अन् कुठून त्यायचा?"

एका पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, दुसऱ्यांनी चिवड्यातले शेंगदाणे वेचले. माहीत असणं वेगळं आणि बैठकीत बोललं जाणं वेगळं. बोललं की ते वहीत येतं. मग ठराव झाला, की भगिनींच्या दीर्घ सेवेबद्दल आभार मानून त्यांना या कामातून मुक्त करावं आणि प्रत्येक मंडळीनं आपापली व्यवस्था पाहावी. शिंपडलेले आणि बुडवलेले यांचं एकमत झालेला तो पहिला ठराव. मामाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिहायला त्यालाच बसवलं. त्यानं मान वर न करता लिहिला. बाबांनीही हात वर केला होता. त्या रात्री मी बाबांशी बोलले नाही.

संयुक्त उपासना थाटात पार पडली. आपण सारे एका वेलीच्या फांद्या आहोत असं दोन्ही पाळकांनी सांगितलं, आणि दोन्ही मंडळ्या मधली वाट सोडून आपापल्या बाजूला बसून ऐकत होत्या. आई गेली नाही. लुगडं परत पेटीत गेलं.

पुढच्या शनिवारी दुपारी सायकलची घंटी वाजली. मामा दारात, हातात रिकामी बाटली.

"ठराव तूच लिहिला ना गा दादा? मंग काहून आला?" आईनं विचारलं.

"सवयीनं आलो," मामा म्हणाला. मग त्याचं लक्ष चुलीकडे गेलं. पातेल्यात मनुका उकळत होत्या. सवय तिलाही होतीच.

आईनं पातेलं उतरवलं, थोडा रस गाळला आणि स्टीलच्या पेल्यात ओतून त्याच्यापुढे ठेवला. सकाळची पोळी होती, तीही दिली. मामानं पोळी हातात धरली आणि बराच वेळ मान खाली घालून बसला. मग मोडून अर्धी तिला दिली. पेलाही आधी तिच्याकडे सरकवला. ती प्यायली. तिच्या उष्ट्या पेल्यातनं तो प्यायला, ज्यानं थुंकीवरून अख्खी बैठक घालवली होती तोच.

"हे त्यातलं नव्हे बरं," मामा घाईनं म्हणाला.

"नाही, नाही," आई म्हणाली.

मी भांडी विसळायच्या निमित्तानं तिथेच होते.

"बाई," तो म्हणाला, "तुहं नाव कमी केल्याची चिठ्ठी आली होती ना, सही पाळकसाहेबाची होती. पण लिहिली मी होती."

"माहीत आहे," आई म्हणाली. "आली त्याच दिवशी अक्षर ओळखलं होतं मी तुहं. पोळी घे अजून."