मामांची बिनशेंगदाण्याची वीट

शेंगदाण्याशी वैर धरलेला माणूस कोल्हापुरात सापडणं हे रंकाळ्यात देवमासा सापडण्याइतकं अवघड आहे. आमच्याकडे कूट भाजीत पडतो, आमटीत पडतो, कोशिंबिरीत पडतो, आणि कशात पडायचा राहिलाच तर चटणी होऊन भाकरीशेजारी येऊन बसतो. अशा गावात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामांनी सहा वर्षं शेंगदाण्याशी एकट्यानं युद्ध केलं. ते माझे सख्खे मामा नव्हेत. सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूत साचा ठोकायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. भट्टीच्या आवाजात बोलायची सवय लागल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांचा आवाज खाली आला नाही. ते मामींच्या कानात काही सांगायला लागले की समोरच्या बंगल्यातली माणसं हुंकार देतात.

युद्धाचं कारण माझी मुलगी, सई. ती चार वर्षांची असताना मामांनी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. पाचच मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घरघरायला लागला. मी वरून धावत येईपर्यंत मामा तिला खांद्यावर टाकून अनवाणी चौकातल्या दवाखान्यात पोचले होते. तिथं इंजेक्शन मिळालं, पोर वाचली. डॉक्टरांनी सांगितलं की हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कणभरसुद्धा चालणार नाही. आम्हाला हे ठाऊक नव्हतं, मग मामांना कुठून ठाऊक असणार? मी तसं त्यांना दहादा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, घरी गेले, आणि घरातले सगळे शेंगदाणे, कुटाचा डबा, चटणीची बरणी, एवढंच काय पण शेंगदाण्याच्या तेलाचा डबाही पिशवीत भरून गावी जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हवाली केला. मामी वांगी चिरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "आता ह्यात काय घालू? फौंड्रीतली वाळू?"

पुढच्या आठवड्यात दारावर पत्र्याची पाटी लागली. पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं: "शेंगदाणे खाऊन आत येऊ नये. हात धुवावेत. हुकमावरून." हुकूम कोणाचा ते लिहिलेलं नव्हतं. मीटर वाचायला येणारा माणूस, भिशीच्या बायका, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले नातेवाईक, सगळ्यांना अंगणातल्या नळावर हात धुवायला लावून मगच मामा आत घेत. एकदा मामींचे भाऊ गारगोटीहून नव्या शेंगांचं पोतं घेऊन बहिणीकडे आले. मामा फाटकातच आडवे उभे.

"या, पावणं, या. तुम्ही आत या. पोतं रिक्षातच ऱ्हाऊ दे."

"दाजी, शेंगांचं पोतं हाय, साप न्हाय!"

"साप परवडला. त्यो वळवळतोय तरी, दिसतोय तरी. ह्यो गपगुमान लाडवात बसतोय."

पोतं त्याच रिक्षानं परत गेलं. पाहुणे दोन दिवस राहिले, पण रुसून राहिले. मामींनी मात्र भावाची बाजू घेतली नाही. मला हळूच म्हणाल्या, "एवढ्या वर्सांच्या संसारात ह्या माणसानं माझ्यासाठी साधा चहा सोडला न्हाय. तुझ्या लेकीसाठी चटणी सोडली बग."

पण मामांचं खरं कर्तृत्व म्हणजे वीट. सई पहिलीत असताना एक दिवस शाळेतून रडत आली. वर्गात कुणाच्या तरी वाढदिवसाला सगळ्यांना ग्रॅनोला बार वाटले होते आणि बाईंनी पाकीट वाचून सईच्या हातातला काढून घेतला होता. बाईंचं बरोबरच होतं. मामांनी ते पाकीट मागवलं, भिंग लावून वाचलं. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शेंगदाण्याचा अंश असू शकतो. मामांनी पाकिटावरचा नंबर फिरवला. पलीकडच्या मुलीनं मोठ्या अदबीनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं. "असू शकतो म्हंजी काय?" मामा कडाडले. "आमी लोखंडात गंधक किती हाय ते सांगत हुतो, बाई! तुमास्नी तुमच्या वडीत शेंगदाणा हाय का न्हाय ठाव न्हाय व्हय?" मुलीनं फोन ठेवला. मामांनी सईला जवळ घेतलं आणि विचारलं, "काय काय हुतं ग त्यात?"

पहिला घाणा मामींच्या कढईत झाला. ओट्स, राजगिऱ्याच्या लाह्या, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, खारकेची पूड, आणि धरून ठेवायला गुळाचा पाक. पाक जरा पुढं गेला. वडी अशी झाली की मामांनी ती अडकित्त्यानं फोडली आणि अडकित्ता बाद झाला. तेव्हापासून तिचं नाव वीट पडलं आणि पुढे ती कितीही मऊ झाली तरी तेच राहिलं. दुसऱ्या खेपेला वडी इतकी सैल झाली की चमच्यानं खावी लागली. तिसऱ्या खेपेनंतर मामांच्यातला मोल्डर जागा झाला. "पाकाचा दोष न्हाय, साच्याचा हाय," असं म्हणून ते जुन्या फौंड्रीत गेले आणि आठ खणांचा ॲल्युमिनियमचा साचा ओतून घेऊन आले. खणांच्या बाजूंना हलकासा उतार, म्हणजे वडी न मोडता अलगद सुटावी. लाकडाची ठोकणीही केली. दर शनिवारी दुपारी खालून ठक्‌ ठक्‌ आवाज यायला लागला की गल्लीला कळायचं, मामांचा कारखाना चालू झाला.

कारखान्याचे नियम कडक होते. डोक्याला फडकं बांधल्याशिवाय स्वयंपाकघरात प्रवेश नाही, अगदी मामींनासुद्धा. प्रत्येक घाण्यातली एक वीट कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडायची. फुटली तर सगळा घाणा रिजेक्ट. "दातानं तुटाय पायजे, हातातनं पडून न्हाय," हा मामांचा सिद्धांत. रिजेक्ट माल मामा स्वतः दुधात बुडवून खात, आणि एका पावसाळ्यात गूळच ओला मिळाल्यामुळे त्यांनी तीन आठवडे दुसरा नाश्ता केला नाही. सई शाळेतून आली की दप्तर जिन्यातच टाकून, आमच्याकडच्या पोरींच्या रीतीनं, ओरडायची, "मामा, मी आलो! पास का नापास?" आणि मामा आतून निकाल सांगायचे.

मग बातमी पसरली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एक जैन काकू आल्या. मामा तेव्हा पाकात चमचाभर मध घालत असत. काकूंकडे मध चालत नाही. मामांनी मध त्याच दिवशी बंद केला आणि काकवी आणली. काकू सूर्यास्तानंतर काही खात नाहीत हे कळल्यावर तर शनिवारी संध्याकाळी विटा पोचवायला निघालेल्या मामांच्या स्कूटरची आणि सूर्याची शर्यतच लागायची. एकदा सिग्नलला अडकले तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "पावणं, जरा बघा की, बुडला का न्हाय अजून?" त्या माणसाला वाटलं, रंकाळ्यात कुणीतरी पडलंय.

मग कळंब्याची एक आई आली. तिच्या दोन्ही मुलींना गहू चालत नव्हता. ओट्समध्येही गव्हाचा अंश मिसळलेला असतो म्हणून तेही बंद. मामा आधी थक्क झाले. "गहू न्हाय? मग चपाती? पाव? पुरणपोळी?" ती प्रत्येकाला मान हलवत राहिली, आणि पुरणपोळीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.  मामांनी उठून ओट्सचा डबा कपाटाबाहेर काढला, नवी कढई, नवा चमचा, नवा साचा, नवी ठोकणी आणली आणि ज्वारीच्या लाह्या घेऊन कामाला लागले. पाच शनिवार विटा फुटत होत्या. सहाव्या शनिवारी वीट फरशीवर पडली, टणकन उडाली आणि अखंड राहिली. मामांनी ती उचलून कपाळाला लावली. त्या दोन मुलींनी जिन्यात बसून आठच्या आठ विटा संपवल्या, आणि मामा दारात उभे राहून प्रत्येक घास मोजत असल्यासारखे बघत होते. मामी म्हणाल्या, "पोरं खात्यात आणि पोट ह्यांचं भरतंय."

गोड बोलणं मात्र मामांना कधी जमलं नाही. साखरेचा आजार असलेले एक गृहस्थ मोठ्या आशेनं आले, तर मामांनी त्यांना सरळ परत पाठवलं. "गूळ हाय ह्यात. गूळ म्हंजी साखरंचा थोरला भाऊ. उगं वीट खाऊन माझ्या नावानं बिल फाडू नका." लोक म्हणाले, मामा, दुकान काढा. मामा म्हणाले, "दुकानात गिऱ्हाइकाचं तोंड बघून माल देत न्हाईत. मी तोंड बघूनच करतो."

सई दहा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले की काही मुलांची ॲलर्जी वयाबरोबर जाते, हिच्या रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, एकदा हॉस्पिटलात ठेवून तपासून बघू. त्यासाठी पुण्याला जायचं होतं. मी मामांना नुसतं कळवायला गेले. ते दुसऱ्या दिवशी पहाटे इस्त्रीचे कपडे घालून गाडीत आमच्या आधी बसले होते.

तपासणी म्हणजे दह्यात कालवून शेंगदाण्याची पूड द्यायची. आधी चिमूटभर, मग थोडी थोडी वाढवत, आणि प्रत्येक वेळी थांबून बघायचं. मामांना आत सोडलं नाही. ते दाराबाहेर उभे राहून मला कुजबुजत विचारत होते, "ओठ बघ, ओठ!" आणि ते कुजबुजणं ऐकून सगळ्या मजल्यावरचे पेशंट आपापले ओठ चाचपत होते. नर्सनं त्यांना दोनदा दटावलं. तिसऱ्यांदा बाहेर आली तर मामा दाराशी नव्हते. ते जिन्यात बसले होते, गुडघ्यांवर कोपरं टेकून. मी शेजारी जाऊन बसले. "मला बघवंना," ते म्हणाले. 

दुपारी डॉक्टर हसत बाहेर आले. "हिला आता शेंगदाणा चालतो."

"चालतो, का चालू शकतो?" मामांनी विचारलं.

"चालतो."

"लिहून द्या."

डॉक्टरांनी दिलं. मामांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि कोल्हापूर येईपर्यंत चारदा काढून वाचला.

दुसऱ्या दिवशी मामींनी दारावरची पाटी स्वतः काढली आणि सहा वर्षांचा वचपा काढावा तशी भरली वांगी केली. आम्ही सगळे खालीच जेवलो. मामांनी दोन घास खाल्ले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कूट जरा जास्त झालाय."

कारखाना अजून चालू आहे. कळंब्याच्या मुलींसाठी, जैन काकूंसाठी, आणखी दोनचार घरांसाठी दर शनिवारी ठक्‌ ठक्‌ होतं. सईला मात्र आता विटेची गरज नाही. ती मैत्रिणींबरोबर सायकलवरून जाते आणि काय वाटेल ते खाते. परवा ती रंकाळ्यावरून मामांसाठी भडंगाचा पुडा घेऊन आली आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. पुडा उघडून मामांनी, बोलता बोलता, भडंगातले शेंगदाणे वेचायला सुरुवात केली. एकेक काढून डाव्या तळहातावर ठेवत होते, आणि उरलेलं भडंग तिच्याकडे सरकवत होते. सई हसली. तिनं त्यांच्या तळहातावरचे दाणे उचलले आणि तोंडात टाकले. एक, मग दुसरा, मग सगळे.

मामा तिच्या ओठांकडे बघत राहिले. फाटकाबाहेरून मैत्रिणीनं हाक मारली तशी ती उठून पळाली. मामा रिकामा तळहात तसाच उघडा ठेवून पायरीवर बसून होते.